हिमात टिकणाऱ्या पामांचे बीज

ताडकुळात आजवर सुमारे अडीच हजार जातींची नोंद झाली असून त्यांतील बहुतेक जाती विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या उष्ण पट्ट्यातच वाढतात. नारळ, सुपारी, भेरली माड आणि शिंदी यांच्या सावलीत वावरणाऱ्या कोकणातील वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु या कुळाच्या अगदी उत्तरेकडच्या आणि उंचावरच्या सीमेवर काही मोजक्या जाती अशा आहेत, की त्यांच्या झावळ्यांवर दरवर्षी बर्फ साचते आणि तरीही वसंतात त्यांचा शेंडा नवे पान काढतो. चीनमधील ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी हा पाम सुमारे उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातील काटेरी सुईपाम त्याहूनही कडक थंडीत टिकतो. चिलीतील ज्युबिया आणि भूमध्य समुद्राच्या काठचा बुटका कॅमेरॉप्स यांची सहनशक्ती थोडी कमी असली, तरी साध्या हिमाला ते जुमानत नाहीत. या जाती गेल्या साडेचारशे वर्षांत युरोपच्या उद्यानांत कशा रुजल्या हे सांगताना सरदारांच्या बागा, काचघरे आणि धाडसी वनस्पतिशोधक यांचीच कथा सहसा पुढे येते. वास्तविक हा इतिहास मुख्यतः बियांचा आहे. बी कोठून आले, ते जिवंत पोचले की नाही आणि कोणत्या नावाने पेरले गेले, या तीन प्रश्नांनी त्याला पदोपदी वळण दिले आहे.

बीला एवढे महत्त्व येण्याचे कारण पामच्या शरीररचनेत आहे. आंबा, फणस किंवा ओक यांच्या खोडात सालीच्या आत एक पातळ वाढता थर असतो, त्याला ऊतिकर म्हणतात. त्याच्यामुळे खोड वर्षानुवर्षे जाड होते आणि त्याच्याच जोरावर एका झाडाची काडी दुसऱ्यावर बांधता येते. पाम एकदलिकित, म्हणजे बीमध्ये एकच दल असणाऱ्या वनस्पतींपैकी असल्यामुळे त्याच्या खोडात हा थर नसतो. हापूसची चव कलमातून पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी राखता येते, नारळाच्या बाबतीत मात्र चांगल्या माडाचे नारळ निवडून रुजवण्यापलीकडे बागायतदाराच्या हाती फारसे काही नसते, हा भेद याच रचनेतून आलेला आहे. बुंध्यातून पोरे फुटणाऱ्या कॅमेरॉप्स किंवा सुईपामसारख्या जातींची पोरे काढून लावता येतात. परंतु एकेरी खोडाच्या पामची वाढ शेंड्यातील एकमेव कोंबावर अवलंबून असते, त्याला फांदी नाही, छाट नाही आणि कलमही नाही. त्यातून ट्रॅकिकार्पससारख्या जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने प्रत्येक बी म्हणजे दोन पालकांच्या संयोगातून जन्मलेला एक नवा, पूर्वी कधीही नसलेला जीव ठरतो. एखादे झाड कितीही थंडी सोसणारे निघाले, तरी त्याची हुबेहूब प्रत माळ्याला काढता आली नाही. त्याला पुन्हा बीकडेच वळावे लागले.

युरोपच्या मुख्य भूमीवर पाम मुळातच नव्हता असे नाही. स्पेन, दक्षिण इटली, सिसिली आणि वायव्य आफ्रिका यांच्या खडकाळ किनाऱ्यांवर कॅमेरॉप्स ह्युमिलिस रानटी वाढतो आणि पंख्यासारख्या झावळ्यांचा हा बुटका पाम मध्ययुगापासून परिचित होता. १५४५ मध्ये स्थापन झालेल्या पादुआच्या वनस्पतिउद्यानात १५८५ साली लावलेले त्याचे एक झाड आजही जिवंत आहे. गटेने १७८६ मध्ये इटलीच्या प्रवासात ते पाहिले, आणि त्याच्या पानांचे साध्या पट्टीपासून खोल चिरलेल्या पंख्यापर्यंत होणारे क्रमिक रूपांतर पाहून वनस्पतींच्या अवयवांविषयीचा त्याचा विचार अधिक स्पष्ट झाला. चार वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वनस्पतिरूपांतरावरील निबंधाशी या झाडाचे नाव तेव्हापासून जोडले गेले आहे. पादुआच्या हिवाळ्यात या झाडाला काचेचे छप्पर लागते, आणि पाम म्हणजे छपराखाली जपायची वस्तू ही समजूत उत्तरेकडच्या उद्यानांत पुढील अडीच शतके टिकून राहिली.

ही समजूत विज्ञानाच्या पातळीवर बरीच आधी डळमळीत झाली होती. १८०१ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि एमे बॉनप्लां यांनी आजच्या कोलंबियातील किंदिओच्या घाटात उंच डोंगरउतारांवर मेणपामची वने पाहिली. हे पाम समुद्रसपाटीपासून एवढ्या उंचीवर, धुक्याच्या आणि गारठ्याच्या प्रदेशात उभे असलेले पाहून पामची मर्यादा केवळ अक्षांशाने ठरत नाही हे विद्वानांना मान्य करावे लागले. पुढे नाथानिएल वालिच याने १८२०–२१ मध्ये नेपाळात वनस्पती गोळा केल्या. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या या अधीक्षकाने हिमालयातील एका पामला म्युनिकचे पामतज्ज्ञ कार्ल फॉन मार्टियस यांचे नाव दिले, आणि तोच आजचा ट्रॅकिकार्पस मार्शियानस होय. मेघालयातील खासी टेकड्यांतही तो वाढतो. कुमाऊंमध्ये पिथौरागढजवळच्या थलकेदार डोंगरावर ओक वृक्षांच्या सोबतीने, हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या जागी पाम वाढतो, अशी नोंद एडवर्ड मॅडन या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात केली. तरीही माळ्यांच्या व्यवहारावर या ज्ञानाचा परिणाम उशिरा झाला, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे अशा पामांचे जिवंत बी युरोपपर्यंत पोचतच नव्हते.

धान्याचे किंवा कडधान्याचे बी वाळवून वर्षभर ठेवले तरी रुजते. बहुतेक पामांच्या बीला हे चालत नाही. फळातून काढल्यावर आतला गर्भ जसजसा कोरडा पडतो तसतशी त्याची रुजण्याची शक्ती घटत जाते आणि काही महिन्यांत बाहेरून टणक, निरोगी दिसणारे बी आतून मेलेले असते. कणखर दिसणारे हे बी दूरच्या प्रवासाला म्हणूनच अयोग्य ठरले. आशियातून युरोपला जाणाऱ्या गलबतांना आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिने लागत, त्यात दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागे, आणि कागदात बांधलेले पामचे बी बहुधा या उन्हातच संपून जाई. फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ट या जर्मन वैद्याने नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरील डच वखारीत काढलेल्या वर्षांत जपानी वनस्पतींचा मोठा संग्रह केला होता, आणि १८३० मध्ये त्याच्याकडून लायडनला पोचलेल्या बियांत शुरो नावाच्या तंतुमय खोडाच्या पामचेही बी होते. हे बी रुजले. क्यू येथील राजोद्यानातही १८३६ च्या सुमारास या जातीचे रोप होते. परंतु ते सारे काचघरात, उष्णकटिबंधातील पामांच्या रांगेत ठेवले गेले, कारण ते पाम होते एवढेच त्यांच्या पालकांना पुरेसे वाटले. ज्या झाडाला जपानच्या हिवाळ्याची सवय होती ते जवळजवळ वीस वर्षे निष्कारण उबेत वाढले.

या चुकीतून सुटका झाली ती एका माणसाने हे झाड त्याच्या मूळ हवेत उभे पाहिल्यामुळे. रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश माळ्याला लंडनच्या उद्यानविद्या संस्थेने १८४३ मध्ये चीनला पाठवले. पहिल्या अफू युद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यात असलेले चुसान, म्हणजे आजच्या झेजियांग प्रांतातील झौशान हे बेट त्याला वनस्पती गोळा करण्यास सोयीचे पडले. तेथील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा पाम शोभेचा नव्हताच. त्याच्या खोडाभोवती झावळीच्या बुडापासून निघणारे तपकिरी तंतूंचे जाळे असते. ते सोलून त्यापासून दोर वळत, झाडू बांधत आणि पावसात शेतात काम करताना पाठीवर घ्यायचे, आपल्याकडील इरल्याच्या उपयोगाचे आच्छादन तयार करत. शेताच्या कडेला, घराच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी हा पाम लावलेला असे आणि हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ पडे. फॉर्च्युनने हे सारे लक्षपूर्वक पाहिले, आणि इंग्लंडच्या सौम्य हवेच्या भागांत हे झाड उघड्यावर वाढेल असा त्याचा निष्कर्ष झाला. येथे एक गोष्ट विसरता कामा नये: चुसानवरील ही झाडे रानटी नव्हती, ती अनेक शतके शेतकऱ्यांनी तंतूंसाठी लावलेली, निवडलेली आणि बीपासून वाढवलेली होती. युरोपच्या पहिल्या हिमसह पामामागे चिनी शेतकऱ्याची ही निवड उभी आहे, आणि तिचे श्रेय त्याला क्वचितच मिळाले.

१८४९ मध्ये फॉर्च्युनने या पामची काही रोपे क्यूचे संचालक विल्यम हुकर यांच्याकडे पाठवली आणि त्यांतील एक राजपुत्र अल्बर्टच्या ऑस्बर्न येथील बागेत द्यावे अशी विनंती केली. ऑस्बर्न हा वाइट बेटावरील राजघराण्याचा प्रासाद. तेथे १८५१ मध्ये ते लावले गेले. क्यू येथे उघड्यावर लावलेले झाडही हिवाळ्यातून पार पडले, आणि काचघरातील पामशी त्याची तुलना केल्यावर दोन्ही एकच जात असल्याचे दिसून आले. पुढील दहा वर्षांत व्यापारी रोपवाटिकांनी त्याची रोपे वाढवली. कॉर्नवॉलमधील ट्रेबासारख्या दरीतल्या बागांत त्यांचे उंच वृक्ष झाले, आणि गल्फ प्रवाहाच्या उबदार पाण्याने किनारा सौम्य राहत असल्यामुळे स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येकडील लोगनच्या उद्यानातही ते टिकले. (डेव्हनच्या किनाऱ्यावर ज्याला टॉर्बे पाम म्हणतात, ते न्यूझीलंडचे कॉर्डिलाइन असून पामशी त्याचा काहीही संबंध नाही.) नावाच्या बाबतीत मात्र बराच काळ गोंधळ चालला. कार्ल पीटर थुन्बर्ग याने अठराव्या शतकात जपानातून दिलेले कॅमेरॉप्स एक्सेल्सा हे नाव प्रत्यक्षात ऱ्हॅपिस या वेगळ्या, बारीक खोडाच्या पामचे होते, परंतु ते या झाडाला लावले गेले. हुकर यांनी १८६० मध्ये फॉर्च्युनच्या सन्मानार्थ नवे जातिनाम दिले, हरमान वेन्डलांट यांनी १८६१ मध्ये ट्रॅकिकार्पस ही प्रजाती वेगळी काढली, आणि तरीही रोपवाटिकांच्या सूचिपत्रांत एक्सेल्सा हे चुकीचे नाव पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ छापले जात राहिले.

फॉर्च्युनच्या हातून बियांच्या वाहतुकीतही एक मोठी सुधारणा झाली आणि तिचा भारताशी थेट संबंध आहे. नाथानिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने बंद काचपेटीत ओलावा टिकून वनस्पती महिनोन्‌महिने जगतात हे दाखवले होते. अशा वॉर्ड पेट्या १८३० च्या दशकापासून जहाजांच्या डेकवर दिसू लागल्या. १८४८ ते १८५१ या काळात ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहाचा शोध घेताना फॉर्च्युनसमोर अडचण तीच होती: चहाचे बीही वाळले की मरते. त्याने पेटीतील मातीतच चहाचे बी पेरले, आणि कलकत्त्याला पेट्या उघडल्या तेव्हा त्यात हजारो अंकुर उभे होते. ते सहारणपूरच्या उद्यानातून कुमाऊं आणि गढवालच्या मळ्यांत गेले. बी म्हणजे प्रवासात झोपलेली, वाळवून ठेवायची वस्तू नसून तो जहाजावरच रुजू द्यायचा जीव आहे, ही कल्पना पामच्या बीला तर चहाहूनही अधिक लागू होती. आजही जाणकार विक्रेता पामचे बी वाळवून पाकिटात भरत नाही. गर काढून, धुऊन, किंचित ओलसर नारळाच्या काथ्याच्या भुशात ते बंद करतो.

ओलसर राखलेले बी रुजते कसे, हे पाहिल्यावर माळ्यांना पूर्वी आलेल्या अपयशाचे आणखी एक कारण कळते. शिंदी आणि खजुराप्रमाणेच ट्रॅकिकार्पसच्या बीमध्येही अंकुरणाची जी रीत आहे तिला दूरस्थ अंकुरण म्हणतात. बीमधील एकमेव दल बाहेर लांबट नळीच्या रूपाने वाढते आणि गर्भाला बीपासून दूर, जमिनीत खाली घेऊन जाते. दलाचे दुसरे टोक मात्र बीच्या आतच राहून तेथील टणक अन्नसाठा विरघळवत खालच्या रोपाला पुरवत राहते. मूळ आधी खोल उतरते, मग नळीच्या टोकाशी फट पडून पहिले पान वर येते, आणि ते पंख्यासारखे नसून गवताच्या पात्यासारखे साधे असते. झावळीची खरी चिरलेली आकृती दिसायला दोन-तीन वर्षे जावी लागतात. उथळ थाळीत पेरलेले बी म्हणूनच फसते, आणि वर काहीच दिसत नाही म्हणून उकरून पाहणाऱ्या अधीर हातात ही नाजूक नळी तुटते. ट्रॅकिकार्पसच्या निळसर काळ्या फळातले, मूत्रपिंडाच्या आकाराचे बी ताजे असेल आणि माती वीस ते पंचवीस अंशांवर असेल, तर एक ते तीन महिन्यांत रुजते. ज्युबियाला अनेकदा वर्ष लागते आणि सुईपाम दोन वर्षेही घेतो. एकोणिसाव्या शतकातील माळी घोड्याच्या ताज्या लिदीच्या किंवा चामडे कमावताना उरलेल्या सालीच्या आंबणाऱ्या वाफ्यावर कुंड्या ठेवून खालून ऊब देत. ही ऊब बीला हवी होती. रोप मोठे झाल्यावरही तीच ऊब चालू ठेवणे ही चूक होती.

या चुकीचा सर्वांत भव्य नमुना क्यूमध्येच उभा होता. चिलीच्या मध्य भागातील ज्युबिया चिलेन्सिस हा जगातील सर्वांत जाड खोडांच्या पामांपैकी एक असून हुआन इग्नासिओ मोलिना यांनी १७८२ मध्ये त्याचे वर्णन केले होते. १८३४ मध्ये डार्विनने ला कांपानाच्या पायथ्याशी ही झाडे पाहिली आणि रसासाठी त्यांची कशी तोड होते हे नोंदवले. झाड आडवे पाडून त्याच्या शेंड्यातून पाझरणारा रस आटवून काकवी करत असल्यामुळे एका झाडाचे उत्पन्न म्हणजे त्या झाडाचा अंत असे. चिलीहून आलेल्या बीपासून क्यूमध्ये १८४६ साली वाढवलेले एक रोप पुढे समशीतोष्ण काचघरात लावले गेले आणि छपराला टेकेपर्यंत वाढत राहिले. सोळा मीटरांहून उंच झालेले हे झाड काचघरातील जगातील सर्वांत उंच झाड म्हणून प्रसिद्ध होते. २०१३ मध्ये दुरुस्तीसाठी काचघर बंद झाले. दुरुस्तीनंतर ते पुन्हा उघडले तेव्हा हे झाड तेथे नव्हते, त्याच्या जागी त्याच जातीचे नवे रोप होते. अशा खोडाला एका जागेहून दुसऱ्या जागी हलवता येत नाही, आणि कलमाअभावी त्याचा अंशही राखता येत नाही. उत्तराधिकारी पुन्हा बीमधूनच यावा लागला.

भूमध्य समुद्राच्या काठी गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १८५४ मध्ये इझिदोर जोफ्रुआ सँतिलेर यांनी पॅरिसमध्ये देशीकरण संस्था स्थापली. परदेशी प्राणी आणि वनस्पती नव्या हवेला हळूहळू सरावतात आणि त्यांची संतती अधिकाधिक स्थानिक होत जाते, या विश्वासावर ती उभी होती. तीन वर्षांनी समुद्रशैवालांचे अभ्यासक गुस्ताव थ्युरे यांनी आंतीबच्या भूशिरावर आपले उद्यान सुरू केले, त्यांच्या मृत्यूनंतर ते राष्ट्राकडे आले आणि १८७८ पासून शार्ल नोदँ यांनी त्याचे संचालन केले. नोदँ यांनी ऑस्ट्रेलियातील फर्डिनंड फॉन म्यूलर यांच्या सहकार्याने १८८७ मध्ये देशीकरणाची एक मोठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. इटलीच्या बाजूस बोर्दिगेरा येथे लुडविग विंटर या जर्मन माळ्याने कॅनरी बेटांवरील फीनिक्स पामची रोपे बीपासून मोठ्या संख्येने वाढवली आणि रिव्हिएराच्या रस्त्यांना आज ओळखीचे झालेले रूप दिले. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर बातुमी येथे आंद्रेई क्रास्नोव यांनी १९१२ मध्ये वनस्पतिउद्यान उघडले. तेथे आणि उत्तरेस सोचीपर्यंत चिनी तंतुपाम हा किनाऱ्याच्या दृश्याचा भाग बनला.

बी पिढ्यान्‌पिढ्या सरावत जाऊन कणखर होते, ही कल्पना आजही रोपवाटिकांच्या जाहिरातींत भेटते, म्हणून तिचा हिशेब एकदा मांडून पाहणे योग्य ठरेल. ट्रॅकिकार्पस बीपासून फुलायला सर्वसाधारणपणे दहा वर्षे घेतो. फॉर्च्युनच्या १८४९ च्या रोपांपासून आजवर, प्रत्येक झाडाचे पहिलेच बी पेरले असे धरले तरी, सतराहून अधिक पिढ्या होत नाहीत. एवढ्या अल्प काळात जो बदल होऊ शकतो तो सरावाने नव्हे, निवडीने होतो: एकाच घडातील शेकडो बियांत जी विविधता आधीपासून असते, तिच्यातील दुबळी रोपे एखादा कडक हिवाळा मारून टाकतो आणि उरलेल्यांकडून पुढचे बी मिळते. १९५६ चा फेब्रुवारी आणि १९८५ चा जानेवारी हे रिव्हिएराच्या बागांसाठी असेच ठरले. असंख्य फीनिक्स पाम त्या थंडीत मेले आणि ट्रॅकिकार्पस उभे राहिले. परंतु येथेही जुनी मर्यादा आड येते. युरोपातील बहुसंख्य तंतुपाम हे चुसान आणि जपान येथून आलेल्या थोड्याशा रोपांचे आणि बियांचे वंशज असल्याने निवडीला लागणारी विविधताच मुळात तोकडी होती. थंडी सोसणारा अधिक कणखर पाम हवा असेल, तर तो बागेत घडवण्यापेक्षा डोंगरात शोधणे हाच खरा मार्ग होता.

या मार्गावरचे पहिले मोठे नाव कुमाऊंचे आहे. फ्लॉरेन्सचे ओदोआर्दो बेक्कारी यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध पामच्या अभ्यासाला दिला आणि १९०५ मध्ये कुमाऊंच्या पामला ट्रॅकिकार्पस टकिल असे नाव देऊन चिनी जातीहून वेगळे काढले. दोन हजार मीटरांहून उंच, हिमवृष्टीच्या प्रदेशातील हा पाम चिनी भाईबंदापेक्षाही कणखर असेल असा तर्क बागकामाच्या जगात लगेच बांधला गेला, आणि टकिलच्या बीला मागणी आली. ती पुरवणे मात्र अवघड होते. थलकेदारच्या आसपासची रानटी झाडे थोडी, उभ्या कड्यांवर विखुरलेली आणि तोडीमुळे आणखी विरळ झालेली. उलट नैनिताल व राणीखेत परिसरातील बागांत आणि डाकबंगल्यांच्या आवारात लावलेले पाम हाताशी होते. बी गोळा करणारे साहजिकच तेथून ते गोळा करत. त्या लावलेल्या झाडांत काही खरे टकिल तर काही चिनी जातीची असल्याने, आणि नर झाडाचा पराग कोठून आला हे घड पाहून कळत नसल्याने, विसाव्या शतकात टकिल या नावाने जगभर विकल्या गेलेल्या बियांतून अनेकांच्या बागेत साधा चिनी तंतुपामच वाढला. चुकीच्या नावाने आलेले बी ओळखायला माळ्याला दहा वर्षे थांबावे लागते. पामच्या बीव्यापारातील हा दोष इतर कोणत्याही दोषापेक्षा अधिक खर्चीक ठरला आहे.

१९५६ मध्ये फ्लॉरिडातील डेन्ट स्मिथ यांनी पाम संस्था स्थापन केली आणि तिच्या नियतकालिकाबरोबर सदस्यांमधील बियांच्या देवाणघेवाणीलाही नियमित रूप आले. वनस्पतिउद्याने एकमेकांना बियांची वार्षिक यादी पाठवत असत, ती प्रथा आता हौशी बागकाम करणाऱ्यांपर्यंत उतरली. विमानाने बी आठवड्याच्या आत पोचू लागल्यावर वाळण्याचा जुना प्रश्न जवळजवळ संपला, आणि खऱ्या अर्थाने नवे पाम पेरणीत येऊ लागले. १९९० च्या दशकात मार्टिन गिबन्स आणि टोबियास स्पॅनर यांनी आशियातील डोंगराळ भाग पालथे घातले. युन्नानमधील नू नदीच्या संगमरवरी कड्यांवरचा, झावळीची खालची बाजू पांढरी असणारा ट्रॅकिकार्पस प्रिन्सेप्स त्यांनी सहलेखकांसह १९९५ मध्ये, आणि दार्जिलिंग-कालिम्पाँग भागातील रुंद पट्ट्यांचा ट्रॅकिकार्पस लॅटिसेक्टस १९९७ मध्ये वर्णिला. लॅटिसेक्टसची रानटी झाडे फारच थोडी उरली आहेत. ज्या डोंगरावर त्याची रोपे गुरांच्या तोंडी जातात तेथील बी युरोपातील कुंड्यांत सुखाने रुजते ही स्थिती समाधानाची म्हणता येणार नाही, कारण कुंडीतील रोपे परागासाठी परक्या जातींच्या शेजारी वाढतात आणि त्यांच्या पुढच्या पिढीला मूळ डोंगरात परत नेता येत नाही.

याच दशकांत बीचा धीर न धरता पूर्ण वाढलेले पाम मुळांसह आयात करण्याची लाट दक्षिण युरोपात आली, आणि तिने जी हानी केली ती थंडीच्या कोणत्याही लाटेपेक्षा मोठी होती. इजिप्तहून आलेल्या खजुराच्या खोडांतून लाल सोंड्या भुंगा १९९० च्या दशकात स्पेनमध्ये शिरला. हा भुंगा मूळचा दक्षिण आशियाचा. कोकणातील नारळ बागायतदाराला तो चांगलाच परिचित आहे, त्याची अळी खोड आतून पोखरते आणि शेंडा कोलमडेपर्यंत बाहेर फारसे काही दिसत नाही. रिव्हिएरावरील विंटरच्या काळापासूनचे फीनिक्स पाम त्याने हजारोंनी मारले. दक्षिण अमेरिकेतून शोभेच्या पामांबरोबर आलेल्या पेसँडिसिया या मोठ्या पतंगाची अळी तर ट्रॅकिकार्पस आणि कॅमेरॉप्स या हिमसह जातींच्याच गाभ्यावर तुटून पडते. धुतलेल्या, गर काढलेल्या बीमधून ही कीड येत नाही. ज्यांनी दहा वर्षे वाचवण्यासाठी मोठे झाड विकत घेतले त्यांच्या शेजाऱ्याची चाळीस वर्षांची झाडेही त्यात गेली, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकावरील तिचिनो प्रांतात मात्र बीला माळ्याची गरजच उरली नाही. माजोरे सरोवराच्या काठच्या बागांत, ब्रिसागो बेटांवर १८८५ पासून उभारलेल्या उद्यानात आणि लोकार्नोच्या घरांभोवती चिनी तंतुपाम एकोणिसाव्या शतकापासून शोभेसाठी लावला जात होता, आणि पर्यटकांच्या चित्रपत्रांवर तो या प्रांताची खूण म्हणून छापला जाई. मादी झाडावरचे निळसर काळे घड पक्षी खातात आणि बी रानात टाकतात. पूर्वी अशी रोपे हिवाळ्यात मरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिवाळे सौम्य होत गेले तसे चेस्टनटच्या रानांत सावलीतील पामची रोपे टिकू लागली, आणि ग्यान-रेटो वाल्थर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की रानात शिरणारा हा पाम हवामानबदलाचा मागोवा ठेवणारे साधन म्हणून वापरता येतो. सदाहरित झावळ्यांच्या दाट सावलीत स्थानिक रोपांना वाढता येत नाही, आणि डोंगरउतारावर जेथे खोल मुळांची झाडे हवीत तेथे पामची उथळ, तंतुमय मुळे माती धरून ठेवण्यास पुरी पडत नाहीत, अशी चिंता तेथील वनाधिकाऱ्यांना वाटते. १ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडने ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनीची विक्री, आयात आणि भेट म्हणून देणे या तिन्हींवर बंदी घातली आहे. बागेत आधीपासून असलेली झाडे ठेवता येतात, मात्र फुलांच्या पोया फळे धरण्यापूर्वी कापून टाकाव्यात, असा सल्ला बागमालकांना दिला जातो.